बुजगावण्याचा शर्ट आणि गोरिलांसोबतचा एक तास

(हातात एक जुना, विटलेला शर्ट. कॅमेरा जवळ.)

नमस्कार मंडळी. हा शर्ट बघा. कॉलर फाटलीये, बटणं गेलीत. आपल्याकडे असा शर्ट शेवटी कुठे जातो? शेतात, बुजगावण्याच्या अंगावर. युगांडातही तसंच.

१९९६ साली तिथल्या ब्विंडीच्या वर्षावनात काही पर्वतीय गोरिलांचे केस गळायला लागले, कातडीवर खपल्या धरल्या. तपासायला गेल्या ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका, युगांडाच्या वन्यजीव खात्याच्या पहिल्या पशुवैद्य. निदान झालं खरूज. एक पिल्लू त्यात दगावलं, बाकीचे औषधाने वाचले. आणि ही खरूज आली कुठून? हे गोरिला जंगलाला लागून असलेल्या शेतांत केळीच्या बागेपर्यंत यायचे. संशय गेला तो बुजगावण्यांवरच्या मळक्या कपड्यांवर.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण गोरिला बघायला जाणारा प्रत्येक पर्यटक म्हणजे एक चालताबोलता शर्टच आहे. आपली सर्दी, आपला खोकला त्यांना लागतो आणि जिवावर बेततो.

मग पर्यटन बंदच करावं का? नाही. आकडे बघा. पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरलेत, ब्विंडीचा परिसर आणि युगांडा, रवांडा, काँगो यांच्या सीमेवरचे विरुंगाचे डोंगर. विरुंगात १९८१ च्या गणतीत २५४ होते, २०१५-१६ मध्ये ६०४ झाले. दोन्हीकडचे मिळून आता हजाराच्या वर आहेत. २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं गेलं. रेंजरची रोजची गस्त, पशुवैद्यांचे उपचार आणि हा सगळा खर्च भागवणारं पर्यटकांचं परमिट, यामुळे हे जमलं.

हे परमिट स्वस्त नाही. युगांडात २०२४ मध्ये परदेशी पाहुण्याला ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या आसपास. त्यात मिळतो फक्त एक तास. एका कळपाकडे दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं. तोंडाला मास्क, मध्ये दहा मीटर अंतर, पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आपल्याला वाटतं, एवढे पैसे मोजून एकच तास? माझ्या मते हे पर्यटन टिकलंय ते या 'एकच'मुळे.

(शर्ट बाजूला. हातात तारेचा फास.)

आता दुसरी बाजू. ही तारेची फासकी. झुडपात लावतात ती छोट्या हरणांसाठी, रानडुकरांसाठी. पण गोरिलाचा हात तिच्यात अडकला, की तो ओढतो आणि तार मांसात रुतत जाते. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक थांबले, गावातली मजुरी थांबली आणि जंगलात शिकारीचे प्रकार वाढले. जूनमध्ये राफिकी नावाचा, सतरा गोरिलांच्या कळपाचा म्होरक्या भाल्याने मारला गेला. मारणारा म्हणाला, मी छोट्या शिकारीसाठी गेलो होतो, तो अंगावर आला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. मला राफिकीचं फार वाईट वाटतं. पण ज्या घरात चूल पेटत नव्हती, तेही डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून खरा प्रश्न हा, की आपला पैसा त्या चुलीपर्यंत पोहोचतो का? एका परमिटमागे गावांसाठी वेगळा ठेवलेला वाटा १० डॉलरचा. फार थोडा आहे, मी स्पष्टच म्हणेन. आणि बाट्वा या आदिवासी लोकांना तर १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा या जंगलातून बाहेर काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे लोक एका रात्रीत घुसखोर ठरले.

तेव्हा पूर्व आफ्रिकेची ट्रिप ठरवताना टूरवाल्याला विचारा, मुक्काम कुणाच्या लॉजवर? तिथे कामाला गावचे लोक आहेत का? चढावर बॅग उचलायला गावातलाच पोर्टर घ्या, बॅग हलकी असली तरी घ्या. बाट्वांच्या सोबत जंगल बघायचं असेल, तर पैसे थेट त्यांच्या हाती जातात ना, ते बघा. घरी आणायला तिथली कॉफी घ्या. डॉ. ग्लॅडिस यांनी ब्विंडीलगतच्या शेतकऱ्यांकडून चांगल्या भावाने कॉफी घेणारा उद्योग उभा केलाय. पर्यटक नसले तरी त्या घरात पैसा यावा म्हणून.

आणि ट्रेकच्या सकाळी घसा खवखवत असेल, तर लपवू नका. रेंजरला सांगा आणि लॉजवर थांबा. हो, सत्तर हजार भरले असले तरीही. वर त्या कळपात आईच्या छातीला बिलगलेलं दोन महिन्यांचं पिल्लू असू शकतं.