मातीखालचे नऊ दिवस

(पांढऱ्या कागदावर बियांचे चार छोटे ढीग. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

डावीकडचं हे टोमॅटोचं बी. चपटं, अंगावर बारीक लव. शेजारचं मिरचीचं, फिकट पिवळं, गुळगुळीत. तिसरा ढीग लेट्यूसचा. फुंकर बसली तर उडून जाईल. आणि ही शेवटची, वाळक्या काडीकचऱ्यासारखी दिसणारी, झिनिया या फुलझाडाची. २४ कप्प्यांचा एक ट्रे आहे, प्रत्येकाच्या वाट्याला सहा कप्पे. ट्रे खिडकीत, समोर कॅमेरा, दर दहा मिनिटांनी एक फोटो. पुढचे काही आठवडे तो तिथून हलणार नाही. आम्हीही मधेमधे करायचं नाही, असं ठरलं आहे.

बी म्हणजे सुकवून ठेवलेलं रोपच. आत मूळ आहे, इवलंसं खोड आहे, मिटलेली दोन पानं आहेत आणि उजेडात पोचेपर्यंत पुरेल एवढी शिदोरी. पाणी तेवढं नाही. वजनाच्या जेमतेम ५ ते १५ टक्के. एवढ्या कोरडेपणात जगण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. जवळजवळ, पूर्ण नाही. म्हणूनच पाकिटातलं बीसुद्धा म्हातारं होतं. कांद्याचं वर्ष-दोन वर्षांत ढेपाळतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं. पाकीट जुनं असलं तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून झाकून ठेवाव्यात. कितींना मोड येतात ते पाहून पेरणी दाट करायची की पाकीट टाकून द्यायचं, ते ठरवता येतं.

(परातीत कोकोपीट भिजतंय. मूठ दाबली जाते.)

ट्रेमध्ये बागेतली माती घातलेली नाही. एवढ्याशा कप्प्यात ती दोन पाण्यांत दगड होते, शिवाय तणाचं बी आणि बुरशी सोबत घेऊन येते. इथे भिजवलेलं कोकोपीट आहे, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि थोडं परलाइट, म्हणजे पांढरे हलके खडे. मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. शेतीत याला नेमका शब्द आहे, वाफसा. ओल आहे आणि हवाही आहे. यातली ओल सगळ्यांना कळते, हवा विसरली जाते. फुगलेल्या बियाला ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. पाण्याने गच्च भरलेल्या कप्प्यात बी घुसमटून मरतं.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. टोमॅटो, मिरची, झिनिया साधारण अर्धा सेंटीमीटर. लेट्यूस मात्र वरच ठेवलं आहे, नुसतं बोटाने दाबून.

त्याला कारण आहे. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला. बी रुजलं. लालानंतर लगेच अतिलाल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा लालाच्या पलीकडचा प्रकाश टाकला, तर बहुतेक बिया रुजल्याच नाहीत. मग पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल. कितीदाही आलटून-पालटून केलं तरी शेवटचा झोत कोणता होता, त्यावरच सगळं ठरायचं. बियाच्या आत दिव्याच्या बटणासारखं काहीतरी होतं. ते रंगद्रव्य पुढे सापडलं. त्याला फायटोक्रोम म्हणतात. आणि या बटणाचा उपयोग काय? हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, अतिलाल खाली जाऊ देतं. म्हणजे खाली अतिलाल जास्त असला, तर डोक्यावर आधीच कुणाची तरी सावली आहे. अशा जागी लेट्यूसच्या इवल्याशा बियाने शिदोरी सोडावी का? ते सोडत नाही. आपण वर बोटभर माती लोटली, तरी ते थांबूनच राहतं. मग आपण म्हणतो, बियाणं खराब निघालं.

(फोटो भराभर सरकतात. ट्रे तसाच. सावल्या तेवढ्या फिरतात.)

पहिला दिवस. दुसरा. तिसरा. पडद्यावर काहीच घडत नाही, आणि चित्रीकरणाच्या दृष्टीने हे दिवस अगदी कंटाळवाणे.

खाली मात्र बी पाणी पितंय आणि फुगतंय. यात अजून जीवाचा संबंध नाही; मेलेलं बीही असंच फुगतं. फरक नंतर पडतो. जिवंत बियातला गर्भ जागा होतो, जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करतो. टोमॅटोच्या बियात त्यामुळे मुळाच्या टोकापुढची भिंत मऊ पडते आणि मूळ ती फोडून बाहेर येतं. आधी मूळच, पान नंतर. इथून मागे फिरता येत नाही. कोरडं बी वर्षानुवर्षं थांबू शकतं, पण मूळ फुटलेलं बी पुन्हा सुकलं की संपलं. म्हणून या दिवसांत ट्रेवर झाकण ठेवायचं, ओल टिकवायची.

(काचेची बरणी. कडेला चिकटून रुजलेलं एक बी. बरणी आडवी केली जाते.)

हे बी दिसावं म्हणून वेगळं लावलं होतं. बरणी आडवी केली, आणि काही तासांत मुळाने वळण घेऊन पुन्हा खालची वाट धरली. त्याला खाली म्हणजे कुठे हे कसं कळतं? थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागकाम-अभ्यासकाने १८०६ मध्ये एक भन्नाट प्रयोग मांडला. पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला त्याने बिया बांधल्या आणि चाक जोरात फिरत ठेवलं. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली, कोंब मध्याकडे. म्हणजे मुळाला माती कळत नाही, अंधारही नाही. त्याला ओढ कळते, चाकावर बाहेरची, जमिनीवर खालची. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला जाऊन बसतात, ती बाजू खालची. पेरताना बी उलटं पडलं की सुलटं, याची काळजी नको, ती यामुळे.

पाचवा दिवस. झिनिया वर. सहावा दिवस, टोमॅटो. बघा कसं येतं ते: पान पुढे नाही, वाकलेली मान पुढे. नाजूक शेंडा पाठीमागे धरून मान माती फोडते, आणि उजेड लागला की सरळ होते. या एका रोपाच्या डोक्यावर बियाची टोपी अडकली आहे. बी फार उथळ पडलं किंवा वरचा थर सुकला की असं होतं. ओढायची नाही, पाण्याचा थेंब लावून टोपी मऊ होऊ द्यायची.

मिरचीच्या ओळीत सामसूम.

मिरची सावकाश येते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रोज सकाळी तो रिकामा कप्पा बघणं वेगळं. तिचं सगळं उबेवर. २५ अंश सेल्सिअसला आठ-दहा दिवस लागतात, तेच १५ अंशाला साडेतीन आठवडे. आणि हे तापमान खोलीचं नव्हे, ट्रेमधल्या मिश्रणाचं. ओलं मिश्रण बाष्पीभवनामुळे खोलीपेक्षा थंड असतं. लेट्यूसचं बरोबर उलटं. ऊन चढून तापमान तिशीच्या पुढे गेलं की ते झोपून राहतं. एकाच ट्रेमध्ये या दोघांना शेजारी बसवणं ही आमची चूक.

दुसरी चूक नवव्या दिवशी. आमच्यातल्याच एकाने, नाव सांगत नाही, मिरचीच्या कप्प्यात बोट घालून ‘जरा बघितलं’. बी जिवंत होतं. तीन-चार मिलिमीटरचं पांढरं मूळ. ते बोटाला लागून तुटलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचांपैकी चार कप्प्यांत हिरव्या माना वर आल्या.

(ट्रे बाजूने. सगळी रोपं काचेकडे झुकलेली, लांब, फिकट.)

आता उजेड. ही खिडकी आपल्याला लख्ख वाटते, पण डोळा फसवतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. ज्या खोलीत आपण आरामात वाचतो, तिथे काही शे. डोळा कमी उजेडाशी जुळवून घेऊन हे अंतर भरून काढतो, रोपाला ती सोय नाही. त्याला वाटतं आपण अजून मातीतच आहोत, म्हणून ते ताणत राहतं. खोड दोऱ्यासारखं, पानं बारकी. आम्ही वर वीतभर अंतरावर साधा पांढरा एलईडी टांगला, दिवसाला १४ ते १६ तास. ताणलेलं खोड त्यामुळे आखूड झालं नाही. पुढची वाढ तेवढी दाट झाली.

आणि दिवसातून एकदा रोपांच्या शेंड्यांवरून हळूच हात फिरवला. लाड म्हणून नव्हे. स्पर्शाने किंवा वाऱ्याने हलणारं रोप बुटकं आणि जाड होतं. वनस्पतीशास्त्रात १९७३ पासून याला भलंमोठं नाव आहे, थिग्मोमॉर्फोजेनेसिस. छोटा पंखाही चालतो.

(लेट्यूसची ओळ. तीन रोपं आडवी.)

ही काल संध्याकाळी उभी होती. खोड मातीलगत बारीक, पाणीदार, चिमटा काढल्यासारखं. रोपांची मर. पिथियमसारखे बुरशीगत जीव हे करतात. त्यांचे बीजाणू पाण्यातून चक्क पोहत जातात. म्हणजे रस्ता आम्हीच बांधून दिला होता, रोज सकाळी वरून झारीने पाणी घालून. अति तेथे माती म्हणतात. इथे अति होतं आणि माती चिखल झाली होती. पडलेलं रोप उठत नाही. ती तीन काढून टाकली, झाकण कायमचं बाजूला ठेवलं, पंखा चालू केला. तेव्हापासून पाणी खालून: ट्रे पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या थाळीत, मग बाहेर. पुढचं पाणी ट्रे उचलून बघितल्यावर, हलका लागला तरच.

पहिली दोन पानं बियातलीच असतात, गुळगुळीत, सगळ्या रोपांची जवळपास सारखी. त्यानंतरची खरी. टोमॅटोला दातेरी, स्वतःच्या वासाचं पान आलं, की मोठ्या कुंडीत हलवायची वेळ झाली. धरायचं पानाला, खोडाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड एकच असतं. टोमॅटो पानांपर्यंत खोल पुरला तरी चालतो, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. ताणलेल्या रोपांची लाज अशी झाकता येते. खतही आत्ताच, तेही नेहमीच्या पाव प्रमाणात.

मग बाहेर, पण एकदम नाही. घरात वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो. थेट उन्हात ठेवलं तर ते एका दुपारीत पांढरं पडतं. पहिल्या दिवशी तासभर, सावलीत. रोज थोडं जास्त. सात ते दहा दिवस.

(रिकामा होत आलेला ट्रे. शेवटचा मिरचीचा कप्पा.)

हा एक कप्पा शेवटपर्यंत तसाच राहिला. आज २६ वा दिवस, कॅमेरा उतरवायचा आहे, तेव्हा आता बघायला हरकत नाही. मिश्रण कागदावर उलटं केलं. बी सापडलं. बोटांत धरलं तर आत नुसता लगदा, आंबूस वासाचा. पहिल्या दिवशी हेही बाकीच्यांइतकंच फुगलं असणार.