मंडपाचं बिल आणि अनुदानाचा अर्ज

मंडळी, इथे वाचनालयं, भजनी मंडळं, नाट्यसंस्था आणि उत्सव समित्या यांचे पदाधिकारी बसले आहेत. अनुदान म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो अर्ज कसा भरायचा हा. अर्ज भरता येतो हो. घाम फुटतो तो कार्यक्रमानंतर हिशेब देताना, आणि त्या हिशेबाचं भवितव्य अर्जातल्या अंदाजपत्रकातच ठरून गेलेलं असतं. म्हणून आज जास्त वेळ अंदाजपत्रकालाच देऊ.

आधी कागदपत्रांचं थोडक्यात. धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली गणेशोत्सवासाठी परवानगी मिळाली, म्हणजे मंडळ नोंदलं गेलं असं अनेकांना वाटतं. ती फक्त वर्गणी गोळा करण्याची तात्पुरती परवानगी आहे. अनुदानाला संस्थेची पक्की नोंदणी, संस्थेच्या नावाचा पॅन आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात, बहुधा मागच्या तीन वर्षांचे. केंद्राच्या योजनांसाठी दर्पण या नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरची नोंदणीही लागते. आणि घरी गेल्यावर आपलं परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा, काढून बघा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत त्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो; मग ठरावावर सही नव्या अध्यक्षांची, परिशिष्टावर नाव जुन्यांचं, बँकेत तिसऱ्याचंच. चांगला प्रस्ताव इथेच अडकतो.

आता अंदाजपत्रक. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठी अर्थसाहाय्य देणारी योजना आहे. तिच्यासारख्या योजनांत एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा अनुदान म्हणून मिळतो आणि उरलेला संस्थेने घालायचा असतो. धरा, तुम्ही दोन दिवसांच्या भारूड-गोंधळ महोत्सवाला ४ लाखांचा खर्च दाखवलात आणि ७५ टक्क्यांप्रमाणे ३ लाख मंजूर झाले. प्रत्यक्षात खर्च झाला ३ लाख २० हजार. पुष्कळांना वाटतं, ३ लाख सरकारचे, २० हजार आपले, जमलं. तसं नसतं. ३ लाख २० हजारांचे ७५ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. वरचे ६० हजार परत करायचे. "मागताना थोडं फुगवून मागा, कापतातच" हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. आकडा खऱ्या दरपत्रकावरून काढा. मंडप, ध्वनी, छपाई या प्रत्येकाची तीन दरपत्रकं अर्जाच्या आधीच घ्या आणि फाइलला लावून ठेवा.

स्वतःचा हिस्सा म्हणजे बँकेत दिसणारा पैसा. गावाने दिलेला तांदूळ आणि पोरांनी रात्रभर केलेलं श्रमदान यांची किंमत माझ्या मते कोणत्याही चेकपेक्षा मोठी आहे, पण योजनेच्या नियमांत तसं लिहिलेलं नसेल तर ते खर्चात धरू नका. कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या निधीवरही, फार भिस्त ठेवू नका. एखाद-दुसऱ्या सुट्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व सीएसआर खर्चात बसत नाही, असं सरकारने २०१४ च्या परिपत्रकात म्हटलं होतं; आताच्या नियमांतही कंपनीने स्वतःच्या जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरलं जात नाही. वर्षभराचं लोककला प्रशिक्षण असेल तर बोलणी होऊ शकतात.

आता मंडपाच्या बिलाकडे या. नेहमी येतं ते बिल असं असतं: वर अध्यक्षांचं नाव, तारीख कार्यक्रमानंतर वीस दिवसांची, आणि मधे एकच ओळ, "मंडप, खुर्ची, लाईट, साउंड – ८५,०००". यात तीन दोष आहेत. बिल संस्थेच्या नोंदलेल्या नावानेच हवं, कारण पैसे संस्थेला मिळाले आहेत. तारीख कामाच्या आदेशाशी जुळायला हवी. आणि मंजुरीपत्रात मंडप आणि ध्वनी या वेगळ्या बाबी असतील, तर एका ओळीतले ८५ हजार तपासनीस कोणत्या बाबीत टाकणार? मंडप किती बाय किती फूट, किती दिवस, खुर्च्या किती, दर काय, हे सुटं लिहून घ्या. आदेश देतानाच मंडपवाल्याला असा नमुना द्या. नंतर तो बिल बदलून देईल, पण खाडाखोड दिसते आणि शंका येते. एकाच कंत्राटाची रक्कम ३० हजारांवर गेली की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो, एकट्या मालकाचा धंदा असेल तर १ टक्का. त्यासाठी संस्थेकडे टॅन, म्हणजे हा कर कापून भरण्यासाठीचा क्रमांक, हवा. तोही आधी काढा.

कलावंतांच्या मानधनाची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. गोंधळ्यांचा फड येतो, आपण मुख्य गोंधळ्याच्या हातात रोख ठेवतो आणि पावतीवर सही एकट्याचीच असते. संबळवाल्याला काय मिळालं, कागद सांगत नाही. महिनाभर आधी प्रत्येकाचं नाव, खातं आणि रक्कम यांची यादी करा. खातं नसेल तर उघडायला मदत करा. पैसे थेट खात्यात जाऊ द्या. पावती ५ हजारांच्या वर असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या. अनुदानाचा शेवटचा हप्ता अनेकदा हिशेब पोचल्यावर येतो, त्याला महिने लागतात. तोवर थांबायचं ते संस्थेने. कलावंताला थांबवू नका. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर महोत्सव एका दिवसाचा करा.

एका बाबीतले पैसे वाचले म्हणून दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या, खर्चानंतर नाही. फोटो असा काढा की फलकावरचं अनुदान देणाऱ्याचं नाव आणि समोरचा श्रोतृवर्ग एकाच चौकटीत येईल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, तेव्हा कीर्तनाची वेळ परवानगी पाहूनच पत्रिकेत छापा.

शेवटचा कागद उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. केंद्राच्या अनुदानाला ते केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए या नमुन्यात द्यावं लागतं. त्यातले आकडे सनदी लेखापालांच्या हिशेबाशी रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. आगाऊ मिळालेल्या अनुदानावर बँकेत व्याज पडलं असेल तर तेही तुमचं नाही. अनुदानासाठी वेगळं बचत खातं ठेवलं की ते व्याज चटकन कळतं. नाहीतर वर्गणीच्या व्याजातून ते वेगळं काढत बसावं लागतं. शिल्लक आणि व्याज मंजुरीपत्रात सांगितलेल्या पद्धतीने परत करा आणि भरणा केल्याची पावती त्याच फाइलला लावा.