दोन वाद्यं, दोन श्वास

संगीतकार सालिएरी म्हटलं की त्याने मोत्सार्ट या दुसऱ्या संगीतकाराला विष घातल्याची कंडी आधी आठवते. तिला आधार नाही, तेव्हा तिथं मी थांबत नाही. मला बोलायचंय ते १७७४ सालच्या सालिएरीबद्दल. इटलीतल्या लेन्यागोचा हा मुलगा. लहानपणीच आईवडील गेले, आणि १७६६ मध्ये गासमान या संगीतकाराने त्याला आपल्यासोबत व्हिएन्नाला नेलं. १७७४ मध्ये गासमान वारले आणि तेविशी-चोविशीचा सालिएरी दरबारी संगीतकार झाला. फ्लूट, ओबो आणि वाद्यवृंदासाठीचा सी मेजर या स्वरपट्टीतला हा कॉन्चेर्टो, म्हणजे मुख्य वाद्यं पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, त्याच वर्षीचा.

ही जोडी कशी आहे बघा. फ्लूट म्हणजे आपल्या आडव्या बासरीची बहीण. त्या काळी तीही लाकडाचीच असे. ओबो हा सनईच्या कुळातला. वेताच्या दोन पातळ पत्त्यांमधल्या बारीक फटीतून हवा जाते आणि पत्त्या थरथरतात. एकाचा आवाज मोकळा, दुसऱ्याला धार. सालिएरी त्यांना आलटून पालटून बोलू देतो आणि मग दोघांना सा-ग सारख्या अंतरावर समांतर चालवतो. ऑपेरात दोन गळे गातात तसं. तो मूळचा ऑपेराचाच माणूस, हे इथं लपत नाही.

आपल्याला जुगलबंदी आठवेल. पण इथं कुणी कुणाला आव्हान देत नाही, आणि उपजही जवळपास नाही. एकटा वादक कॉन्चेर्टोत कादेंझा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावरचा मुख्य वादकाचा तुकडा, आयत्या वेळी रचू शकतो. दोघांना राग आणि तालासारखा सामाईक आधार नसताना ते कसं जमणार? म्हणून अशा जोडरचनांत कादेंझा बहुधा आधी लिहूनच ठेवतात.

खरी परीक्षा श्वासाची आहे. फ्लूटमध्ये फुंकरीतली बरीच हवा बाहेरच सांडते, त्यामुळे वादकाला हवा पुरत नाही. ओबोवाल्याचं नेमकं उलटं. त्या फटीतून इतकी कमी हवा जाते की छातीत शिळी हवा साठून राहते. ती आधी बाहेर टाकायची, मग ताजी घ्यायची. म्हणजे एकाच ओळीच्या शेवटी एकाचा जीव हवेवाचून कासावीस, तर दुसऱ्याचा हवेमुळेच. तरी दोघांनी ओळ एकाच क्षणी सोडायची. शिवाय फ्लूट जोरात फुंकला की सूर चढतो, हलका फुंकला की उतरतो, आणि शेजारी ओबोचा धारदार सूर असला की जराशी तफावतही कानाला टोचते.

शेवटचा भाग, जरा चपळ लयीचा आलेग्रेत्तो, प्रसन्न आहे, तो तुम्ही घरी ऐका. आत्ता मी मधला भाग, लार्गो, लावतो. लय संथ, म्हणून ओळी लांब, लपायला जागा नाही. डोळे मिटा, आणि दोघं श्वास कुठं घेतात तेवढंच शोधा.