दोन मिनिटं नव्वद सेकंद

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवातीलाच एक वाक्य वाचून दाखवतो. ‘विजयी संघाच्या कर्णधाराने दोन्ही डावांत मिळून २.९० मिनिटे संरक्षण केले आणि तीन गडी बाद केले.’ खटकलं ना काहीतरी? हे वाक्य माझ्याच नावावर जमा आहे.

मी खो-खोच्या बातम्या करतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे संध्याकाळनंतरचं. आम्ही चार-पाच जण आहोत. जिल्ह्यातल्या, आसपासच्या स्पर्धांना जायचं, निकाल टिपायचे, रात्री दहाच्या आत वर्तमानपत्रांना आणि खो-खोवाल्यांना पाठवायचे. मानधन नाही, पेट्रोल ज्याचं त्याचं. १९१४च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. इतका जुना, घरचा खेळ. पण जिल्हा स्पर्धेच्या मैदानावर पगारी क्रीडा पत्रकार मी क्वचितच पाहिलाय. तिथे असतात पंच, पालक, चहावाला आणि आम्ही.

तर त्या २.९०ची गोष्ट. खो-खोत संरक्षक किती वेळ टिकला हे पंचांच्या टेबलावर घड्याळ लावून टिपतात. १.५० म्हणजे एक मिनिट पन्नास सेकंद. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने पहिल्या डावातले १.५० आणि दुसऱ्यातले १.४० घेतले आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली. मी न बघता पुढे ढकललं. सकाळी साडेसहाला फोन वाजला. पलीकडे सांगलीकडचे एक गृहस्थ, एकेकाळचे पंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “दोन मिनिटं नव्वद सेकंद? घड्याळ कुठनं घेतलंसा?”

मी म्हटलं, काका, नव्वद सेकंद म्हणजे दीड मिनिट, धरून साडेतीनच होतात की. हिशेब चुकलेला नाही. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “हिशेब मला कळतोय. पण वाचणारा काय वाचणार? तीनाच्या आत. पोरगी साडेतीन मिनिटं पळालीय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघांच्या तुकडीतली मुलगी, समोर पाटीवर बसलेल्या आठ जणी, नववी मागे लागलेली. त्यात एकेक सेकंद म्हणजे काय असतो हे खेळलेल्यालाच कळतं. आणि त्या मुलीचा खेळ लिहून ठेवणारे त्या दिवशी जगात फक्त आम्ही होतो. आम्ही लिहिलं तेच राहणार. क्रिकेटमध्ये एका वर्तमानपत्राने धावा चुकवल्या तर दुसरीकडे बरोबर असतात. आमच्याकडे दुसरीकडे काही नसतंच.

आता बोलणी खाण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि सगळीच बोलणी मी शिरोधार्य मानतो असं नाही. ‘तुम्ही अमक्या संघाचेच लिहिता’ ही तक्रार प्रत्येक संघाकडून येते, त्यामुळे मी तिच्याकडे हल्ली बघतही नाही. एका सद्गृहस्थांनी भाच्याचं नाव शीर्षकात का नाही म्हणून मला अर्धा तास धारेवर धरलं. भाचा राखीव होता. काहींचा रोख असा, की आम्ही जणू त्यांच्याकडून वर्गणी घेतो. अशा वेळी वाटतं, फोन बंद करून गप झोपावं.

स्तुतीचंही काही खरं नाही. ‘छान उपक्रम, चालू ठेवा’ असं म्हणणाऱ्यांना बातमीत काय होतं विचारा, सांगता येणार नाही. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताने दोन्हीकडे नेपाळला हरवलं. महिला ७८-४०, पुरुष ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तो आठवडाभर आम्हाला अभिनंदनाचे इतके फोन आले, जणू आम्हीच पळालो होतो. सांगलीच्या काकांचाही आला. अभिनंदन नाहीच. “अठ्ठ्याहत्तर गुण कसे झाले ते लिहा. आपल्याकडं वीसच्या पुढं गेलं की लोक डोळे चोळतात. तिथली गुणांची पद्धत वेगळी आहे हे सांगा, नाहीतर उद्या गावातली पोरं जिल्ह्याच्या निकालाला हसतील.” खरंच होतं. आम्ही आनंदात ते लिहायला विसरलो होतो.

या काकांचं भाषेवरही बारीक लक्ष. बरोबरी झाली की आमच्या बातम्यांत ‘अलाहिदा डाव’ येतो. नव्या मुलाने एकदा ‘जादा डाव’ लिहिलं. लगेच फोन. मला स्वतःला ‘जादा’ चालतं, बसगाड्या सुटतात तशा. पण ‘अलाहिदा डाव’ आणि ‘लघुत्तम आक्रमण’ (पहिला गडी कोण लवकर टिपतं त्यावर निकाल) हे शब्द आमच्या मैदानाशिवाय कुठे ऐकू येतात? म्हणून ठेवले.

सर्वात जिव्हारी लागलेला फोन मात्र काकांचा नव्हता. एका तालुक्याच्या शाळेतल्या बाईंचा होता, त्या क्रीडा शिक्षिका आहेत. मुलांचा अंतिम सामना आम्ही पंधरा ओळींत लिहिला होता, मुलींचा दोन ओळींत. “सर, मुलींचा सामना अलाहिदा डावात गेला होता. तुम्ही होता कुठे?” मी होतो बटाटेवड्याच्या गाडीवर. हे काही सांगता येईना. मग चूक झालेला माणूस करतो तेच केलं, आवाज चढवला. म्हटलं, बाई, आम्ही फुकट करतो हे. इतकं वाटतं तर तुम्हीच पाठवत जा.

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या स्पर्धेच्या रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइलवर एक फोटो आला. मैदानावरचे दिवे गेलेले असावेत, कारण गुणपत्रकावर टॉर्चचा गोल उजेड पडला होता आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा. खाली दोन्ही तुकड्यांच्या वेळा, कोण खांबावर बाद, कोण सूर मारून बाद, कुठे दोघींचं आडनाव सारखं आहे म्हणून पाठीवरचा क्रमांक. शेवटी एक ओळ: ‘बेरीज केलेली नाही, तुम्ही करा.’

त्याला आता दोन हंगाम झाले. मुलींच्या सामन्यांची निम्मी बातमी त्याच पाठवतात, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या स्कूटीवर हिंडून. मागच्या महिन्यात त्यांच्याकडून पहिली चूक झाली. दोन बहिणींच्या वेळांची अदलाबदल. सकाळी साडेसहाला मी फोन उशाशी घेऊन बसलो होतो. वाजलाच नाही. आठ वाजता बाईंचाच मेसेज आला, ‘सर, हे सांगलीचे काका कोण? आणि इतक्या लवकर कसे उठतात?’

नमस्कार.