करंडक कोणी पळवला? ठाण्यातल्या एका लॅबमधली खोटी चोरी

हा डाग बघा. पांढरा नॅपकिन आणि त्यावर लाल, कडेला थोडा तपकिरी. बघितल्या बघितल्या अर्धा वर्ग म्हणाला रक्त, एकीने तर दोन पावलं मागेच घेतली.

ठाणे वेस्टचं एक ज्युनियर कॉलेज, स्टेशनवरून तलावपाळीच्या बाजूने चालत आलात तर पंधरा मिनिटं. बाहेर धो धो पाऊस आणि आत चोरी झालीये. चोरी अर्थात खोटी, केमिस्ट्री आणि बायोच्या दोन मॅडमनी मिळून रचलेली. एकांकिकेचा करंडक स्टाफरूममधून गायब, मागे उरलाय हा नॅपकिन आणि टेबलावर चहाचा एक कागदी कप. संशयित तिघं: कॅन्टीनवाले अण्णा, पीटीचे सर आणि नाटकाचा डायरेक्टर, म्हणजे बारावीतलाच मुलगा, जो करंडक माझ्या घरी पाहिजे असं सगळ्यांना सांगत फिरतोय. तिघंही हौसेने तयार झालेत, अण्णा तर जरा जास्तच.

नॅपकिन कॅन्टीनचा निघाला. झालं, अण्णा आरोपी. टेस्ट व्हायच्या आधीच पोरांनी रिपोर्टवर लिहूनसुद्धा टाकलं.

पहिली टेस्ट कॅसल-मेयर. नाव भारी पण आतला माल ओळखीचा, फिनॉल्फ्थॅलीन, तेच ज्याचा टायट्रेशनला, म्हणजे थेंब थेंब टाकून आम्ल मोजताना, एक थेंब जास्त पडला की भडक गुलाबी होतं आणि रीडिंग वाया जातं... म्हणजे जास्त पडतो तो ब्युरेटमधला थेंब, पण शिव्या खातं फिनॉल्फ्थॅलीन. इथे त्याचं रंग काढून टाकलेलं रूप वापरतात. डागावर घासलेल्या कापसावर ते टाकायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि रक्त असेल तर त्यातल्या हीममुळे, म्हणजे रक्ताला लाल करणाऱ्या लोहवाल्या भागामुळे, काही सेकंदात गुलाबी. ताडून बघायला मटणवाल्याकडून आणलेलं रक्त होतं, ते लगेच गुलाबी झालं. म्हणजे माणूस की बकरा हे ही टेस्ट सांगत नाही, आणि कच्च्या बटाट्याच्या रसानेही कधीकधी गुलाबी येतं, त्यातल्या एन्झाइममुळे.

नॅपकिनचा कापूस मात्र पांढराच्या पांढरा.

मग लाल काय आहे हे? एक मुलगी मागून म्हणाली, मॅडम, वरणाचा डाग साबणाने धुतला की असाच होतो. लिंबू पिळलं. डाग पिवळा! हळद होती. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, ते साबण-चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतं आणि आंबट लागलं की परत पिवळं, पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच जोरावर. अण्णांनी सांडलेलं वरण पुसून नॅपकिन साबणात बुडवला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता कप. खऱ्या केसमध्ये कपाच्या कडेला लागलेल्या थुंकीत तोंडातल्या पेशी असतात, त्यातला डीएनए काढतात आणि पीसीआरने त्याच्या कॉप्या करतात, दर फेरीला दुप्पट, म्हणजे 30 फेऱ्यांत एकाचे हिशोबाने 107 कोटी. कॉलेजात एवढं सामान कुठलं, म्हणून इथे थोडी चीटिंग आहे आणि मॅडमनी ती पोरांना आधीच सांगितलीये: ट्यूबमधला डीएनए माणसाचा नाहीच, बॅक्टेरियावर जगणाऱ्या लॅम्डा नावाच्या व्हायरसचा आहे. त्याची लांबी 48,502 बेस पेअर, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्या. प्रत्येक संशयिताच्या नावाच्या ट्यूबमध्ये तो वेगळ्या एन्झाइमने कापलेला, त्यामुळे तुकडे वेगळ्या मापाचे, आणि कपाच्या नावाची ट्यूब या तिघांपैकी एकासारखी.

हे तुकडे अ‍ॅगरोजच्या जेलमधून पळवायचे. अ‍ॅगरोज म्हणजे आपल्या चायना ग्रासचाच शुद्ध केलेला भाऊ. डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो, करंट लावला की तो पॉझिटिव्ह टोकाकडे निघतो, बारके तुकडे पुढे सटकतात आणि मोठे मागे अडकतात, सकाळच्या फास्ट लोकलला दारात होतं तसं. नंतर मिथिलीन ब्लूने रंगवायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं.

जेल पाण्यात आहे तोवर एक खरी गोष्ट. 10 सप्टेंबर 1984 ला इंग्लंडमध्ये लेस्टर युनिव्हर्सिटीत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंगची कल्पना सुचली. तिथल्याच भागात 1983 आणि 1986 मध्ये दोन मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनी डीएनए तपासला. दोन्हीकडे माणूस एकच, पण तो हा मुलगा नाही. म्हणजे या तंत्राने खुन्याला पकडायच्या आधी एका निरपराध पोराला सोडवलंय. खरा खुनी नंतर सापडला, त्याला 1988 मध्ये जन्मठेप झाली.

दुसरा दिवस. जेलमध्ये कपाची लेन, म्हणजे त्याच्या तुकड्यांची वाट, आणि शेजारी तिघांच्या तीन लेन, तुकडे जिथे थांबले तिथे निळ्या पट्ट्या. पट्ट्या जुळल्या पीटीच्या सरांशी. वर्गात जो काय आरडाओरडा झाला, बाजूच्या वर्गातले सर बघायला आले.

पीटीचे सर शांत. म्हणाले, अरे मी रोज तिथेच बसून चहा पितो.

यावर पोरं पाऊण तास भांडली. कप सरांचा हे पक्कं, पण चहा पिणं आणि करंडक उचलणं यात काय संबंध, आणि कप आदल्या दिवशीचा असेल तर? डायरेक्टर तर वकिलासारखा उभाच राहिला सरांच्या बाजूने.

करंडक दोन दिवस लॅबच्या सिंकखालच्या कपाटात होता, तिथे कोणी बघितलंच नाही.

हा त्यांचा रिपोर्ट. डाग, हळदीचा. कप, सरांचा. करंडक कोणी नेला, यावरून सांगता येत नाही. आणि सगळ्यात वर निळ्या पेनाने लिहिलेलं 'आरोपी: अण्णा', तीनदा खोडलंय पण अजून वाचता येतं.