फ्रीसेल: कप्पा भरण्याआधी

मंडळी, एकट्याने खेळायचे पत्त्यांचे बरेच डाव नशिबावर चालतात. पालथी पानं उलटायची आणि काय निघतं ते बघायचं. फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पानं पहिल्यापासून उघडी. आठ रकाने, पहिल्या चारांत ७-७ पानं, बाकीच्यांत ६-६. वर एकेक पान तात्पुरतं ठेवायला चार मोकळे कप्पे आणि चार घरं. घरात एकेका प्रकारची (इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर) पानं एक्क्यापासून राजापर्यंत चढवायची. रकान्यात मात्र लाल-काळी आलटून-पालटून, उतरत्या क्रमाने. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्तीत ३२,००० क्रमांकित डाव होते. त्यांतला न सुटणारा एकच, ११९८२. तेव्हा डाव अडला की पत्त्यांना बोल लावू नये.

नवखे फसतात ते कप्प्यांत. समजा, किल्वर एक्क्यावर चौकट राजा आहे, त्यावर इस्पिक चव्वी आणि सगळ्यात वर बदाम नव्वी. तिन्ही पानं कप्प्यांत टाकली, एक्का सुटला, बरं वाटलं. पण आता कप्पा उरला एक! शिवाय राजाच्या वरचं पानच नसतं, त्यामुळे एखादा रकाना अख्खा रिकामा होईपर्यंत किंवा त्याची घरी जायची पाळी येईपर्यंत तो कप्पा अडवून बसणार. म्हणून आधी शोधा: नव्वीसाठी काळी दश्शी उघडी आहे का? चव्वीसाठी लाल पंजी? दोघींची सोय लागली तर कप्पा एकट्या राजालाच द्यावा लागतो. फक्त त्या दश्शीखाली दुसरा एक्का दबत नाही ना, तेवढं बघा. सोय नसेल तर हा एक्का राहू द्या, दुसऱ्याच्या मागे लागा.

क्रमाने लागलेली पानं एकदम सरकताना दिसतात, पण मुळात एका वेळी एकच पान हलतं. बाकीची कप्प्यांतून फिरून येतात. हिशेब असा: रिकामे कप्पे अधिक एक, आणि दर रिकाम्या रकान्यामागे दुप्पट. चारही कप्पे मोकळे असतील तर ५ पानं. दोन कप्पे आणि एक रकाना रिकामा असेल तर ६. पण त्याच रिकाम्या रकान्यात न्यायची असतील तर ३च! पुष्कळ चांगले डाव इथेच फसतात. रिकामा रकाना कप्प्यापेक्षा मोलाचा, तो या दुपटीमुळे. ज्या रकान्याच्या तळाशी राजा आहे तो रिकामा करायला जाऊ नका. तो राजा आधीच जागेवर बसलाय.

घरी पाठवायची घाईही नको. लाल पंजी जाऊ शकते म्हणून लगेच धाडली आणि काळी चव्वी अजून अडकलेली असेल, तर चव्वीला टेकायची एक जागा गेली. दोन्ही काळ्या चव्व्या घरी पोचल्या की पंजी बिनधास्त पाठवा. एक्के-दुर्र्या थांबवायचं काहीच कारण नाही. काही ॲप पानं आपोआप चढवतात. सेटिंगमध्ये बंद करता येत असेल, तर शिकताना ती सोय बंदच ठेवा.