अक्षरांखाली अक्षरं

(दृश्य : पडद्यावर संथपणे सरकणारी अक्षरं – ए, जी, जी, टी, सी, ए...)

ही अक्षरं माणसाच्या जीनोममधली, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमधली आहेत. अक्षरं चारच, पण एका संचात ती येतात सुमारे ३१० कोटी वेळा. सेकंदाला एक या वेगानं, झोप-जेवण सोडून वाचत गेलं, तरी वाचायला जवळजवळ शंभर वर्षं लागतील. आणि एवढं वाचून हाती काय येईल? सलग अक्षरं. जनुक, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा तुकडा, कुठं सुरू झालं, कुठं संपलं, मधला भाग कशासाठी आहे, हे नुसतं पाहून कळत नाही.

अर्थ लागू लागतो तो या ओळीखाली दुसरी ओळ ठेवल्यावर. उंदराची, माशीची, यीस्टची, एखाद्या जिवाणूची.

(दृश्य : दोन ओळी एकाखाली एक. जुळणारी अक्षरं उजळतात.)

ओळी एकाखाली एक ठेवणं सोपं वाटतं, पण तसं ते नाही. लाखो वर्षांत काही अक्षरं बदलतात, काही गळतात, काही नव्यानं शिरतात. एक अक्षर गळालं की पुढची सगळी ओळ सरकते आणि जुळणारी अक्षरंही जुळेनाशी होतात. म्हणून मध्ये रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. पण कुठं आणि किती? शंभर-शंभर अक्षरांच्या दोनच ओळी घेतल्या, तरी त्या जुळवण्याच्या शक्यता एकावर ५८ शून्यं यापेक्षाही जास्त भरतात. कोणताही संगणक त्या एकेक करून तपासू शकणार नाही.

१९७० साली सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी यातून वाट काढली. एक ओळ आडवी, एक उभी मांडून चौकटींचा तक्ता करायचा. अक्षर जुळलं तर गुण, रिकामी जागा सोडली तर दंड. प्रत्येक चौकटीत तिथपर्यंतची सर्वोत्तम बेरीज तेवढी लिहायची. शंभर अक्षरांसाठी साधारण दहा हजार चौकटी भरल्या, की सर्वांत चांगली जुळणी नक्की सापडते. १९८१ मध्ये टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी हीच पद्धत अशी बदलली, की दोन लांबलचक क्रमांत फक्त एक तुकडा सारखा असेल, तरी तो हाती लागावा.

अशा जुळणीत किती ताकद आहे, हे १९८३ साली दिसलं.

(दृश्य : जुना संगणक, हिरवी अक्षरं)

कॅलिफोर्नियात जीवरसायनशास्त्रज्ञ रसेल डूलिटल प्रथिनांचे, म्हणजे त्यांतल्या अमिनो आम्लांचे क्रम जमवून संगणकात भरत होते. त्यांच्याकडे एका विषाणूच्या जनुकाचा क्रम होता. हा विषाणू माकडांमध्ये कर्करोग घडवतो, आणि तो या जनुकामुळेच, एवढं माहीत होतं. हे जनुक नेमकं करतं काय, ते मात्र कोडं होतं. त्याच सुमारास रक्तातल्या प्लेटलेटमधून (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांमधून) मिळणाऱ्या एका प्रथिनाच्या क्रमाचा काही भाग हाती आला. जखम झाली की आजूबाजूच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारं हे प्रथिन. दोन्ही क्रम शेजारी येताच ते थेट जुळले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटानंही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

जखम भरून काढणारा निरोप विषाणूनं उचलला होता आणि तो अखंड देत सुटला होता. कर्करोगाचं जनुक आणि शरीराची नेहमीची वाढ यांच्यातला हा दुवा संगणकावरच्या तुलनेतून मिळाला. जैवमाहितीशास्त्राकडे, म्हणजे संगणकानं असे क्रम अभ्यासण्याच्या या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला आधी हीच गोष्ट सांगावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुढं डेटाबेस इतके वाढले, की प्रत्येक क्रमासाठी पूर्ण तक्ता भरणं परवडेना. १९९० मध्ये आलेला ‘ब्लास्ट’ हा प्रोग्राम आधी छोटे जुळणारे तुकडे हेरतो आणि फक्त तिथूनच दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेतो. एखादी उत्तम जुळणी त्यातून क्वचित निसटू शकते. वेगासाठी ती जोखीम पत्करलेली असते. सोबत तो एक आकडा देतो : एवढ्या मोठ्या भांडारात इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा मिळाली असती? आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका योगायोगाचा संशय कमी. हा आकडा न पाहता केवळ ‘साम्य आहे’ म्हणणं धोक्याचं आहे. साम्य भक्कम असलं, तरी त्यातून नातं कळतं. काम तेच असेल याची खात्री मिळत नाही. डेटाबेसमध्ये एकदा चुकीचं काम नोंदलं गेलं, की त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या क्रमांवरही तीच चूक चिकटते.

(दृश्य : माणूस, चिंपांझी आणि कोंबडी यांचे क्रम एकाखाली एक)

आता पूर्ण जीनोमच शेजारी ठेवता येतात. ११८ अक्षरांचा हा तुकडा पाहा. चिंपांझी आणि कोंबडी यांचे वंश वेगळे होऊन ३० कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी त्यांच्यात फरक फक्त २ अक्षरांचा. आणि चिंपांझी व माणूस? काही दशलक्ष वर्षांतच १८ अक्षरं बदलली. कॅथरिन पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा तुकडा दाखवून दिला. तो प्रथिन बनवत नाही. गर्भाच्या वाढत्या मेंदूत मात्र तो सक्रिय असतो.

याच्या उलट, माणूस, उंदीर आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्यात २०० किंवा त्याहून जास्त अक्षरं सलग, एकही फरक नसलेले ४८१ तुकडे २००४ मध्ये सापडले. इतकं जपलेलं म्हणजे त्यावाचून जगणंच अशक्य, असा अंदाज होता. २००७ मध्ये उंदरांमधून असे चार तुकडे एकेक करून काढून पाहिले. उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. संगणकानं दाखवलेली खूण खोटी होती का? २०१८ मध्ये अशाच काही तुकड्यांवर पुन्हा प्रयोग झाले, आणि या वेळी उंदरांची तपासणी फार बारकाईनं केली. उंदीर याही वेळी जगले. पण काहींची वाढ कमी होती, आणि काहींच्या मेंदूची घडण बदललेली होती.